एक मोठी फौज नको, दोन लहान करा

(पत्राचा गोषवारा : पत्रलेखिका सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात. घरी ब्लाउज शिवतात, यजमान पतसंस्थेत नोकरीला आहेत. मुलगा चौदा वर्षांचा, नववीत. वर्षभर तो ‘वॉरहॅमर ४०,०००’ या खेळाचे व्हिडिओ पाहतो आहे. प्लास्टिकचे बोटभर शिपाई जोडायचे, रंगवायचे आणि टेबलावर फासे टाकून त्यांची लढाई खेळायची, असा हा खेळ. वाढदिवसाला त्याने त्यातलं एक खोकं मागितलं आहे. त्याची किंमत दहा हजारांच्या वर, आणि घरातून निघू शकतात चार हजार. वडील म्हणतात, दोन वर्षांपूर्वीची गिटार कपाटावर धूळ खाते आहे, याचंही तेच होणार. आजी म्हणतात, एवढा घोडा झाला आणि बाहुल्यांशी कसला खेळतो. कुणी सांगितलं, नकली शिपाई निम्म्या किमतीत मिळतात; कुणी सांगितलं, सरळ थ्रीडी प्रिंटर घ्या. गावात हा खेळ खेळणारं दुसरं कुणी नाही. पुढच्या वर्षी दहावी. “मला यातलं ओ की ठो कळत नाही. पैसे साठवून ते खोकं घेऊ, की समजूत काढून हे वेड डोक्यातून काढू?”)

प्रिय ताई,

गावात हा खेळ खेळणारं दुसरं कुणी नाही, हे तुम्ही पत्रात ओघात लिहिलंत आणि पुढे गेलात. मी मात्र तिथेच अडलो. दहा हजारांचा प्रश्न मला त्यामानाने सोपा वाटतो.

तुमच्या मुलाने मागितलेल्या खोक्यात एकाच खेळाडूची फौज असते. समोरच्याची नसते. खेळ काढणारी गेम्स वर्कशॉप ही कंपनी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची. तिकडचा मुलगा असं खोकं घेतो आणि शनिवारी दुकानात किंवा क्लबात जातो. तिथे टेबल मांडलेलं असतं, त्यावर टेकड्या, पडक्या इमारती असतात, आणि पलीकडे खेळायला कुणीतरी उभं असतं. त्याचे पैसे तिथे वसूल होतात. तुमचा मुलगा तेच खोकं घेऊन घरी बसणार. आठवडाभर जोडणी, दोन-तीन महिने रंगकाम, आणि मग शिपाई शोकेसमध्ये. त्याचे बाबा ज्या धुळीला घाबरतात ती इथून येते.

गिटारबद्दलही विचारावंसं वाटतं. ती त्याने कंटाळून सोडली, की शिकवायला आणि सोबत वाजवायला कुणी नव्हतं म्हणून सुटली? मला उत्तर कळवायची गरज नाही. पण ‘हा धरसोड करतो’ असं घरात एकदा ठरलं, की पोरालाही ते खरं वाटायला लागतं. म्हणून बाबांनी ते वाक्य पुन्हा उच्चारण्याआधी त्याच्याशी यावर एकदा निवांत बोलावं.

मी स्वतः या छंदात पडलो तेव्हा पहिल्याच महिन्यात पन्नासेक शिपायांची फौज घेतली होती. रंगवून झाले अकरा. बाकीचे, सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यातून, वर्षभर निघालेसुद्धा नाहीत. खेळ सुरू झाला तो शेजारचे एक काका पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन माझ्यासमोर बसायला तयार झाले तेव्हा. त्या अकरा शिपायांवर आणि त्यांच्या आठ पुठ्ठ्यांवर आम्ही अख्खा पावसाळा काढला. त्या पावसाळ्यानेच मला या छंदात टिकवलं.

म्हणून माझं सांगणं असं : चार हजारांत मोठ्या फौजेचा तुकडा घेऊ नका, दोन लहान फौजा उभ्या करा. एकेका बाजूला पाच-सहा शिपाई पुरे. एक फौज त्याची. दुसरी कुणाची, त्यावर शेवटी येतो.

आता त्या खेळाबद्दल थोडं, म्हणजे मुलगा बोलेल तेव्हा तुम्हाला धागा सापडेल. ‘वॉरहॅमर ४०,०००’ १९८७ पासून आहे. प्रत्येक शिपायाला, तुकडीला ताकदीप्रमाणे गुण ठरलेले असतात आणि व्हिडिओत दिसणारे सामने बहुतेक २,००० गुणांच्या फौजांचे असतात. ते पाहून मुलांना वाटतं, तेवढी फौज असल्याशिवाय खेळताच येत नाही. पण त्याच खेळाचा ‘कॉम्बॅट पेट्रोल’ नावाचा लहान प्रकार आहे, त्याला ४४ इंच बाय ३० इंच जागा पुरते. ‘किल टीम’ त्याहून लहान, तिथे मोजके शिपाई आणि ३० बाय २२ इंचांचा पट. नियमांच्या जाड पुस्तकावर तर आत्ता एक रुपयाही घालवू नका. आवृत्त्या बदलत राहतात. २०१७, २०२० आणि २०२३ मध्ये नव्या आल्या, म्हणजे महागडं पुस्तक तीन वर्षांत जुनं. २०२३ च्या आवृत्तीचे मूळ नियम कंपनीने फुकट उतरवून घेता येतील असे ठेवले होते. मुलाला हे बहुधा ठाऊक असेल. विचारून बघा, तो खुलेल.

किंमत एवढी का, हे बाबांना सांगायला उपयोगी पडेल. मूळ मालच महाग आहे. त्यात परदेशी खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क आपल्याकडे २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेलं गेलं. म्हणून परदेशातून थेट मागवताना वेबसाइटवरच्या किमतीला भुलू नये. पोस्टेज आणि शुल्क धरून काय पडतं ते आधी बघावं, नाहीतर पार्सल दारात आल्यावर खिशाला चाट बसते. देशातच माल ठेवणाऱ्या दुकानातून घेतलेलं बरं.

नकली शिपाई घेऊ नका. कुणाच्या तरी कलाकुसरीचा साचा चोरून ओतलेला माल असतो तो, आणि तुमचा मुलगा स्वतःच्या हाताने काही घडवायला शिकणार असताना त्याची सुरुवात त्या चोरीने व्हावी हे मला पटत नाही. थ्रीडी प्रिंटरही आत्ता नको. बारीक शिपाई ज्या रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, छापतात ते कच्चं असताना त्वचेला बाधतं, वास उग्र असतो, हातमोजे आणि खेळती हवा लागते, छापलेली वस्तू अल्कोहोलमध्ये धुवावी लागते. ज्या घरात शिवणाचे कपडे आणि मुलाचा अभ्यास एकाच खोलीत आहे तिथे हे यंत्र आणू नये. कुठे सेकंड हँड शिपाई मिळाले तर मात्र जरूर घ्या. जाड, ओबडधोबड रंग फासलेले प्लास्टिकचे शिपाई कुणी स्वस्तात काढत असेल, तर ते दिवसभर तपकिरी डेटॉलमध्ये बुडवून ठेवायचे आणि हातमोजे घालून जुन्या टूथब्रशने घासायचे; रंग सुटून येतो. एक मात्र सांभाळायचं : घासून झाल्यावर लगेच नळाखाली धरायचं नाही, आधी डेटॉलमध्येच खळबळून घ्यायचं. पाणी लागलं की सुटलेल्या रंगाचा चिकट लगदा होऊन शिपायाला पुन्हा चिकटतो.

आता मुख्य खर्च, म्हणजे खर्च न करण्याची रीत.

पहिले दीड-दोन महिने शिपाई विकत घेऊच नका. ‘वन पेज रूल्स’ नावाचे नियम फुकट मिळतात आणि ते कुठल्याही कंपनीच्या शिपायांवर, कागदी सोंगट्यांवरसुद्धा चालतात. त्यातला ‘फायरफाइट’ हा प्रकार मूठभर शिपायांचा आहे. मुलाला जाड कागदावर शिपाई काढू द्या, कापून उभे करू द्या. सोंगट्यांच्या तळाला तुमच्याकडची कोटाची मोठी बटणं उत्तम, जड असतात, सोंगटी पडत नाही. हा गरिबीचा पर्याय आहे असं त्याला वाटू देऊ नका. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रशियाच्या सैन्यातले अधिकारी ज्या युद्धखेळावर डोकं चालवायला शिकले, तो नकाशावर ठेवलेल्या साध्या ठोकळ्यांचा होता. कागदी सोंगट्यांवर चार-पाच डाव झाले की आपल्याला नेमकी कुठली फौज आवडते ते त्याला कळेल. व्हिडिओत देखणी दिसणारी फौज आणि हातात घेऊन खेळायला आवडणारी फौज पुष्कळदा वेगळी निघते, आणि ही चूक दहा हजारांना पडण्यापेक्षा कागदावर झालेली बरी.

याच काळात, पुढे खरे शिपाई येतील तेव्हासाठी, हत्यारं आणि रंग आणा. चौकटीतून भाग कापायला छोटी कटर-पक्कड, एक क्राफ्ट नाइफ, बारीक पॉलिश पेपर. चिकटवायला फेविक्विक चालतं. रंगासाठी परदेशी बाटल्यांचा हट्ट नको. कॅमल किंवा फेविक्रिलचे ॲक्रिलिक रंग तालुक्याच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. काळा, पांढरा, तपकिरी, एक निळा किंवा लाल, एक चंदेरी, एवढे पाच. गोल टोकाचे दोन सिंथेटिक ब्रश, एक शून्य नंबरचा, एक दोनचा. यात आठशे-हजाराच्या वर जाऊ नका.

शिपाई आले की एक गोष्ट त्याच्याजवळ बसून करून बघा, म्हणजे त्याच्याबरोबर तुम्हीही शिकाल. मुलं बाटलीतला रंग तसाच फासतात, आणि चेहऱ्याचं नाक-डोळं बुजून जातं. रंग पाण्यात पातळ ताकाइतका सैल करायचा आणि एक जाड हात देण्याऐवजी दोन-तीन पातळ हात द्यायचे. त्याआधी पांढरा जेसो, म्हणजे रंग धरून ठेवणारा अस्तराचा रंग, ब्रशने लावून अस्तर करायचं. स्प्रेचं अस्तर लवकर होतं खरं, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट हवेत स्प्रे मारला की थर दुधाळ आणि खरखरीत बसतो. मूळ रंग वाळला की तपकिरीत थोडा काळा मिसळून, पाण्यासारखा पातळ करून वरून सोडायचा. तो आपोआप घड्यांत, पट्ट्यांच्या कडेला, बोटांच्या फटीत उतरतो. तेही वाळलं की ब्रशला फिका रंग घेऊन फडक्यावर जवळजवळ पूर्ण पुसून टाकायचा आणि कोरडाच ब्रश शिपायावरून हलक्या हाताने फिरवायचा. उंचवट्यांवर तेवढा रंग धरतो. खांद्याची कड, शिरस्त्राणाची कोर, गुडघा अचानक उठून दिसतात. हे पहिल्यांदा घडतं तेव्हा पोराचा चेहरा बघण्यासारखा असतो. त्या क्षणी तुम्ही तिथे असावं असं मला मनापासून वाटतं.

पायाखालच्या जमिनीला फेविकॉल लावून वाळू भुरभुरवा. चहाचा चोथा धुऊन कडकडीत वाळवला की जंगलातल्या पाचोळ्यासारखा दिसतो.

टेकड्या-इमारतींचे तर पैसे लागायलाच नकोत. दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या गावातला मुलगा हा. दगड-माती-गोणपाट रचून बुरूज काढायचे, हळीव पेरून हिरवळ उगवायची, आणि वर कुंभाराकडचे मावळे मांडायचे, हे त्याने केलेलंच असेल. इंग्रजीत ज्याला टेरेन म्हणतात ते याहून वेगळं नाही. बुटांच्या खोक्यांचे पुठ्ठे, तुमच्या कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी, जुनी वर्तमानपत्रं आणि खळ यांतून शहर उभं राहतं. थर्माकोल वापरलाच तर त्यावर आधी फेविकॉल पाण्यात कालवून दोन हात द्या. उघड्या थर्माकोलवर स्प्रे मारला की तो विरघळून खड्डे पडतात.

पहिली लढाई कोणती खेळावी? ‘एकमेकांना मारून टाका’ असा डाव लवकर कंटाळवाणा होतो. प्रत्येक बाजूला काहीतरी साधायचं असलं पाहिजे. मी नवख्यांना उंबरखिंडीचा साचा देतो. २ फेब्रुवारी १६६१ ला मोगल सरदार कारतलबखानाची फौज कोकणात उतरताना या खिंडीत अडकली. शिवाजी महाराजांनी पुढची-मागची वाट रोखली आणि खानाला सामानसुमान टाकून शरण यावं लागलं. टेबलावर पुस्तकांच्या दोन उतरंडी रचा, मध्ये सहा इंचांची वाट ठेवा. एका खेळाडूकडे दहा शिपाई, त्याला सहा फेऱ्यांत निदान पाच जण पलीकडच्या कडेला पोचवायचे. दुसऱ्याकडे पाचच, पण ते डोंगरावर हवे तिथे मांडायची मुभा. मग बाजू बदलून पुन्हा खेळा. कमी माणसांची बाजू घेऊन जिंकता येतं हे ज्याला एकदा कळलं, तो मोठ्या खोक्यासाठी तेवढा तळमळत नाही.

एक जपा मात्र. इतिहासाचं नाव निघालं की आपल्याला वाटतं, मग त्याने मावळेच घ्यावेत, ते अवकाशातले शिपाई कशाला? तसं करू नका. त्याला अवकाशातले आवडतात तर खिंडीतून अवकाशातले जाऊ देत. आवड त्याची राहिली तरच हात चालेल.

कागदावर दीड-दोन महिने खेळून आवड टिकली, तर उरलेल्या पैशांत खरे शिपाई. वॉरहॅमरचाच हट्ट असेल, तर तीन-चार शिपाई, रंगाच्या छोट्या बाटल्या आणि एक ब्रश असा नवशिक्यांचा संच निघतो. दोन वेगळ्या फौजांचे असे दोन संच बजेटमध्ये बसले तर छानच, नाहीतर एक संच आणि समोर कागदी फौज. खेळ कोणताही चालेल असं तो म्हणाला, तर १:७२ प्रमाणाचे प्लास्टिक शिपाई बघा. एअरफिक्स आणि इतर कंपन्यांच्या अशा खोक्यात बहुधा चाळीसच्या आसपास, इंचाहून किंचित कमी उंचीचे शिपाई असतात. दोन्ही फौजा एकाच खोक्यातून निघतात. पुढची खरेदी आधीची रंगवून झाल्यावर, एवढा एकच नियम ठेवा. हिशेबाची वही त्यालाच लिहू द्या. पतसंस्थेतल्या बाबांनी महिन्यातून एकदा ती तपासली तर त्यांचाही या उद्योगात पाय अडकेल.

ज्यांची मुलं पुण्या-मुंबईत आहेत त्यांना एक सांगतो. तिथे बोर्डगेम खेळणाऱ्यांचे गट भेटतात. काही विकत घेण्याआधी मुलाला एकदा तिथे न्या आणि दुसऱ्याच्या शिपायांवर एक डाव खेळू द्या.

आजींच्या बोलण्याचा राग मानू नका, पण मुलासमोर त्याला हसूही नका. या वयात ‘बाहुल्या’ हा शब्द फार लागतो. एच. जी. वेल्स हा नावाजलेला लेखक १९१३ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांचे नियम लिहून छापत होता. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटं युद्ध किती बरं, असं त्याचं त्यात म्हणणं होतं, आणि पुढच्याच वर्षी युरोपात महायुद्ध पेटलं. युद्धाच्या खेळाने मूल हिंसक होईल का, ही शंका मला इतर पालकांच्या पत्रांतही दिसते. मी जे पाहिलंय ते असं : तासभर वाकून शिपायाच्या डोळ्याचा ठिपका काढणारं पोर, आणि वादाचा नियम निघाला की समोरच्याशी बोलून, फासा टाकून तो मिटवणारं पोर. आजींना एखादा शिपाई रंगवायला द्या. ज्यांनी रांगोळीत आयुष्यभर चिमटीने रेघा ओढल्या, त्यांचा हात नातवापेक्षा स्थिर निघेल.

दहावीचं थोडक्यात. खेळ मार्कांशी बांधू नका. ‘नव्वद टक्के मिळाले तर खोकं’ म्हटलं की खोकं हे बक्षीस होतं आणि छंद मरतो. रंगकाम अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत होतं, अभ्यासाच्या मध्ये ते मोबाइलपेक्षा कितीतरी बरं. डाव रविवारी.

आणि आता दुसरी फौज. ती तुमची, ताई. तुम्ही लिहिलंत, मला यातलं काही कळत नाही. तेच तर हवंय. चौदाव्या वर्षी मुलाला घरात अशी जागा फार क्वचित मिळते, जिथे त्याला जास्त कळतं आणि आई विचारते, “आता मी काय करू?” सुरुवातीचे दोन-तीन डाव तुम्ही हराल. मुद्दाम हरू नका, त्याला लगेच कळेल. तुम्हाला खेळताना त्याचा शाळेतला एखादा मित्र पाहील, खुर्ची ओढून बसेल, आणि मग तुमची फौज त्याच्या हातात द्या. गावात दुसरा खेळाडू असा तयार होतो.

तुमचं कटिंगचं टेबल चार फूट बाय अडीच फूट असेल, तर ते ४८ बाय ३० इंच होतं, म्हणजे कॉम्बॅट पेट्रोलला पुरून चार इंच वर. रविवारी दुपारी त्यावरचे ब्लाउज बाजूला ठेवा आणि हिरव्या अस्तराचा एखादा तुकडा अंथरा. फासे ल्यूडोच्या डब्यातले चालतील. अंतर या खेळात इंचांतच मोजतात, तेव्हा तुमच्या गळ्यातली टेपच त्याला द्या.